हिरोचं जावळ

१३ जानेवारी, सोमवार

ही वही आशाताईनं दिलीय. बाळ किती येळा पिलं, शी किती येळा केली ते लिवायला. आज पिलं आठ येळा, शी दोनदा. त्याच्याखाली आज जास्तीचं लिवते, कारण कुणाला सांगावं ते कळंना. सातवीनंतर हातात पेन धरला न्हाई. अक्षर वाकडं येतंय.

दुपारी वस्तीवर पिच्चरवाले आले. ओतूरकडनं दोन गाड्या. आमच्या शेजारचं कौलारू घर त्यांनी भाड्यानं घेतलंय, हिंदी पिच्चरचं शूटिंग हाय. त्यांना तान्हं बाळ पायजे. पुण्याहून आणायचं ते बाळ तापानं पडलं म्हणं. चार बाया लेकरं घिऊन रांगंत उभ्या ऱ्हायल्या. मी गेले न्हाई, मी दारात बसून पाजत व्हते. त्यांच्यात वैजयंती म्हणून एक मॅडम हाय, मराठी बोलती, मंचरची हाय. ती माझ्यापशी थांबली अन म्हणली, "ताई, बाळाचं डोकं दाखवता का जरा?"

मी टोपडं काढलं. आमच्या बाळाचं जावळ लई कुरळं हाय, कोकराच्या अंगावानी. अन त्यांचा जो हिरो हाय त्याची वळखच कुरळे केस. त्याचं ल्हानपण दाखवायचंय. मॅडमनी लगेच फोटू काढला.

"मुलगा ना?"

मी म्हणलं, न्हाई, मुलगी. अन माझी मान खाली गेली. का गेली म्हाईत न्हाई. सवय झालीय.

"चालतंय," ती म्हणली. "कॅमेऱ्याला काय कळतंय."

१६ जानेवारी, गुरुवार

बाळ पसंत पडलं. आई म्हणती, "आगं लोकं नवस करतात अन तू रडतीस." आईला काय, तिला हिरोइनीला बघायचंय.

फारम आणला वैजयंती मॅडमनी. सरकारी परवानगीचा हाय, ल्हान लेकराला चार-पाच तासाच्या वर ठिवायचं न्हाई, नर्स पायजे, असं सगळं लिवलंय. पयलाच रकाना बाळाचं नाव.

मी म्हणलं, नाव न्हाई अजून.

"किती महिन्यांची?"

"पाचवा चालूय."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग मी सांगितलं की बारसं व्हायचंय. लोणीची माणसं आली की व्हनार, माझं सासर लोणीचं. नाव आत्यानं ठिवायचं आसतं, ती माझी नणंद. सासरी थोरल्या जावंला दोन पोरी हायेत, ही तिसरी पोर घरात. त्यामुळं त्यांना जरा यळ लागतोय. हे चाकणला कंपनीत हायेत, वरटाईम लई आसतो. पाचव्या दिवशी येऊन गेले, तासभर बसले. तवर बाळ झोपलेलंच व्हतं.

मॅडमनी रकान्यात 'बेबी' लिवलं. म्हणली, "पण ताई, शूटिंग संपायच्या आत नाव द्या. पिच्चरच्या शेवटी सगळ्यांची नावं येतात ना, त्या यादीत घालायचंय. शेवटच्या दिवशी यादी जाती. 'बेबी' म्हणून गेली तर बेबीच ऱ्हाईल."

आता नाव आणू कुठनं.

१८ जानेवारी, शनवार

फारमवर बापाची सही लागती. माझा भाऊ सूरज गाडीवर चाकणला जाऊन आला. म्हणला, दाजी गेटावर आले, गाडीच्या शीटवर कागद ठिवून सही केली. वाचलाबी न्हाई. दोन मिनिटांत काम.

म्हंजी माझ्यावर इस्वास हाय. दुसऱ्याच्या नवऱ्यानं शंभर गोष्टी इचारल्या आसत्या.

मी सूरजला इचारलं, बाळाचं काय म्हणले? तो म्हणला, "हां, इचारलं ना," अन हातपाय धुवाया मोरीत गेला. तिथं लई येळ पाणी वाजत व्हतं.

२० जानेवारी, सोमवार

पयला दिवस. पिलं पाच येळा, सगळं येळापत्रक इस्कटलं.

एवढाल्या लायटी. मला वाटलं बाळाचे डोळे जातील. पण नर्सबाईनं लायटी लांब सरकवल्या, डायरेक्टर साहेबांनी ऐकलंबी. पिच्चरची गोष्ट मॅडमनी सांगितली. हिरोच्या बापानं मनाच्या बाईशी लगीन केलं, म्हणून आजोबा रुसला. बाप मेला. ती बाई, म्हंजी हिरोइन, लेकरू घिऊन एकटी ऱ्हाती अन आजोबा नातवाचं तोंडबी बघायला येत न्हाई. शेवटी येतो. तेच लेकरू मोठं हून हिरो व्हतं.

हिरोइनीनं बाळ घेतलं की बाळ किंचाळायचं. पाच येळा तसंच. ती बिचारी घामाघूम. मग मी भीत भीत मॅडमला म्हणलं, माझी जुनी साडी तिच्या खांद्यावर टाकून बघा. टाकली. बाळानं वास घेतला अन गप. एवढ्या मोठ्या हिरोइनीच्या अंगावर माझी ओतूरच्या बाजारातली साडी. आता पिच्चरभर तीच घालनार हाय ती. आई समद्या वस्तीला सांगून आली.

मॅडमनी बजावलंय, बाळात काय बदल करायचा न्हाई. तीट डाव्या गालाला तर डाव्याच. झबलं तेच. काल जे दिसलं ते उद्याबी दिसाया पायजे.

साडेपाचला काम बंद. उसात बिबट्या हाय, फारेष्टचा माणूस शिट्टी घिऊन बांधावर बसतो. हिरोइनीला वाटलं त्योबी शूटिंगमधलाच माणूस.

२३ जानेवारी, गुरुवार

आज आजोबाचं काम करणारा नट आला. सगळे त्यांना बाऊजी म्हणतात. सूरज म्हणला, "ह्या बाबाला मी सात पिच्चरमदी मरताना बघितलंय." अन त्यांच्याच समोर म्हणला. मला धरणी फाटून आत जावंसं वाटलं. वैजयंती मॅडमनी हिंदीत सांगितलं तर बाऊजी हसले, "सात? बाकी बारह नहीं देखे?"

मधल्या येळात मी पाजायला आत बसले तवा ते बाहेर खुर्ची टाकून पाठमोरे बसले, कुणी आत येऊ नये म्हणून. तिथनंच बोलत व्हते. माझी हिंदी टीव्हीवरची, पण कळलं बरंच. आधी रेल्वेत तिकिटं तपासायचे. नोकरी सोडून मुंबईला आले. पयलं काम तबकात चहा आणायचं, अन बोलायचं फकस्त "मालिक, चाय." तेबी इसरले. डायरेक्टरनं हाकलून दिलं. दुसऱ्या दिवशी परत जाऊन उभे ऱ्हायले. असं धा वर्सं. मग एकदा हिरोचा बाप आजारी पडला, म्हंजी बापाचं काम करणारा नट, तर ह्यांना उभं केलं. तवा वय फकस्त चौतीस. केसाला पावडर लावली. तवापासनं बापच हायेत, आता आजोबा.

"बेटी, आधे बंबई के हीरो मैंने पाले हैं," म्हणले. "घर में कौन पला, वो घरवाली से पूछो."

मग मला इचारलं, डर लगता है? मी हां म्हणलं. म्हणले, मुझे अभी भी. मला वाटलं मन राखायला म्हणले. पण शॉटच्या आधी बघितलं तर त्यांचा गुडघा हलत व्हता.

बाळ चार तास एकदाबी रडलं न्हाई. डायरेक्टर साहेब म्हणले, "प्रोफेशनल है." मी मॅडमला अर्थ इचारला. आज दोन घास जास्त जेवले.

२५ जानेवारी, शनवार

लोणीहून फोन. सासूबाई उद्या येणार हायेत. कुणीतरी त्यांना मोबाईलवर फोटू दाखवला, हिरोइनीच्या कडंवर बाळ.

मला झोप लागंना का काय व्हनार. बोलतील? बारशाचं काढतील? यादीत नाव द्यायला चार दिवस ऱ्हायलेत, त्यांनी उद्या बारशाचं ठरवलं तर सगळंच जमतंय.

२६ जानेवारी, रविवार

सुट्टी. शाळेत झेंडा झाला, मग नऊच्या यष्टीनं सासूबाई आल्या. पिशवीत बाळाला दुपटं, मला सुकं खोबरं अन डिंक.

आल्या आल्या पाय धुताना म्हणल्या, "पोरीचा पोरगा केला म्हणं पिच्चरवाल्यांनी. चला, कुणाला तरी जमलं."

आईनं ऐकून घेतलं न्हाई. "बसा ईनबाई. शूटिंगचं आवताण पोचलं वाटतं. बाळ झाल्याचा फोन केलता, तो लागला नसंल."

मी चुलीपाशी व्हते. आता हिचं अन तिचं लागनार. पण सासूबाई उत्तर न देता पाळण्यापाशी गेल्या. टोपडं काढलं. बाळाला उचलून मांडीवर घेतलं. पयल्यांदा घेतलं. कुरळ्या केसात बोटं घातली अन म्हणल्या, "धम्मपालचं असंच व्हतं."

यांचं नाव त्यांच्या तोंडून असं मऊ मी कधी ऐकलं न्हवतं.

मग म्हणल्या, पाचवा महिना सरतोय, जावळ काढून टाकू. सम महिन्यात काढत न्हाईत. मी हाय, मामा घरात हाय, कशाला थांबायचं. थोरलीच्या दोघींचं माझ्या हातनं झालं न्हाई, हिचं करू दे.

मला कळलं व्हतं. मी खोटं लिवणार न्हाई. मॅडमचं बोलणं कानात वाजत व्हतं, बदल करायचा न्हाई. बाळाला घेतलंच मुळी केसावरनं. पण सासूबाईच्या मांडीवर बाळ हसत व्हतं, अन मी 'नको' म्हणले तर त्या उठून दुपारच्या यष्टीनं लोणीला. मग परत कधी? माझ्या तोंडातनं शब्द फुटला न्हाई. मनाला म्हणलं, टोपडं घालू, कोण बघतंय.

सूरज ओतूरहून सलूनवाल्या चांगदेवला गाडीवर घिऊन आला. सूरजच्या मांडीवर बाळ, सासूबाईनी नवं कापड धरलं, त्यात केस झेलले. बाळ फकस्त एकदा रडलं. सासूबाईनी टकल्याला हळद अन लोणी लावलं. आईनं पुरणाची डाळ शिजाया टाकली.

बारशाचं इचारलं तर म्हणल्या, "बघू. नणंदंला तुझ्या सवड व्हायला पायजे."

पण ऱ्हायल्या. म्हणल्या, उद्या शूटिंग बघून जाते.

२७ जानेवारी, सोमवार

कसं लिवू.

वैजयंती मॅडमनी टोपडं काढलं अन तशीच खाली बसली. डायरेक्टर साहेब आले, बघितलं. वरडले न्हाईत. वरडले असते तर बरं झालं असतं. स्टुलावर बसले, टोपी काढली अन आपलंच डोकं खाजवत ऱ्हायले. सूरज पळत घरी गेला, कापडात बांधलेलं जावळ घिऊन आला, म्हणला चिकटवता येतंय का बघा. कुणीच हसलं न्हाई.

त्यांच्यात बोलणं सुरू झालं. पेठला एक बाळ हाय, मुलगा हाय, केस सरळ हायेत पण चिमट्यानं कुरळे करता येतील. मागचं आठवडाभराचं सगळं काम टाकून द्यायचं अन त्याला घिऊन परत करायचं. म्हंजी आमचं बाळ पिच्चरमदी न्हाईच. माझी साडी न्हाई, यादीत नाव न्हाई, कायच न्हाई.

डायरेक्टर साहेबांनी मला इचारलं, शांतपणानं, क्यों किया?

मी काय काय बोलले ते आता जुळवून लिवते. हिंदी येत न्हाई, मराठीतच बोलले, मॅडम सांगत गेली. म्हणलं साहेब, चूक माझी. पण मला एक इचारायचंय. पिच्चरमधला आजोबा बाळाला बघाया किती महिन्यानं येतोय? ते म्हणले पाँच. मी म्हणलं, मग त्याच्यासाठी जावळ ऱ्हातंय व्हय? बाळ कुणासाठी थांबत न्हाई. तो रुसून बसला तवर इकडं बाळ हसाया लागलं, पालथं पडलं, आवाज वळखाया लागलं, जावळबी झालं. त्याला ते केस बघायचे व्हते तर त्यानं यायचं व्हतं येळंवर. आता आलाय तर जे हाय ते बघंल. आई काय त्याच्यासाठी सगळं तसंच धरून बसंल का?

एवढं बोलले अन घाबरून रडाया लागले. आयुष्यात पाच माणसांत बोलले नव्हते.

मॅडमचं सांगून झालं. भिंतीपाशी सासूबाई उभ्या व्हत्या, त्यांनी पदर डोक्यावर घेतला अन घरात निघून गेल्या. त्यांना ऊन लागलं आसंल, सकाळपासनं उभ्याच व्हत्या.

मग बाऊजी खुर्चीतनं उठले. डायरेक्टर साहेबांना म्हणले, "ये लड़की ठीक कह रही है. सीन यही है."

२८ जानेवारी, मंगळवार

आज पिलं पाच येळा. शी तीनदा, एकदा बाऊजींच्या धोतरावर.

सीन झाला. बाऊजींना दोन पानं बोलायचं व्हतं, मी कागद बघितला. त्यांनी त्यातलं एक अक्षर म्हणलं न्हाई. दारातनं आले, हिरोइनीच्या हातातनं बाळ घेतलं, टोपडं सारलं. हात डोक्यावर ठिवला अन तिथंच थांबला. केस शोधत असल्यावानी हळूहळू फिरवला, मागपर्यंत. मग हिरोइनीकडं न बघता इचारलं, "कब उतरवाए?"

ती म्हणली, "पिछले महीने."

त्यांनी मान हलवली. बस. आमच्या बाळानं त्यांचा चष्मा धरला अन ओढला. ते कुणी शिकवलेलं न्हवतं. बाऊजींनी तो सोडवला न्हाई, तसंच वाकडा चष्मा घिऊन उभे ऱ्हायले. डायरेक्टर साहेब कट म्हणायचेच इसरले. फारेष्टचा माणूस बांधावरनं बघत व्हता, त्यानं डोळे पुसले.

पेठच्या बाळाला नको म्हणून कळवलं.

नंतर बाऊजी माझ्यापशी आले. म्हणले, त्यांची मुलगी झाली तवा ते डोंगरात कुठंतरी शूटिंगला व्हते, हिरोच्या बापाचं काम करत. घरी गेले तवा ती नऊ महिन्यांची. मुंडन फोटोत बघितलं. ती आता पंचेचाळीस वर्सांची हाय, परदेशात. "बेटी, आज का डायलॉग तुम्हारा था," म्हणले. "मैंने सिर्फ़ बोला."

माझी छाती एवढी झाली. सातवी पास बाईचं बोलणं थेटरात ऐकू येणार. मला भ्या वाटतंय ते वाटतंयच, पण आज त्याच्यापेक्षा दुसरं काहीतरी मोठं हाय.

सासूबाई दिवसभर बाळाला घिऊन व्हत्या.

२९ जानेवारी, बुधवार

शेवटचा दिवस. सकाळीच यांना फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला. म्हणलं आज यादी जातीय, बाळाचं नाव सांगा. मागं मशीनचा आवाज व्हता. म्हणले, "नाव? आईला इचार. घाई काय हाय."

सासूबाईंना इचारलं. त्या म्हणल्या, "नाव आत्यानं ठिवायचं आसतं. दोन महिने थांब, उन्हाळ्यात करू."

मी थांबले असते. मी आत्तापतूर थांबलेच ना. पण दारात वैजयंती मॅडम कागद घिऊन उभी, गाडी चालू, सगळं सामान भरलेलं. यादीत बाऊजींचं नाव व्हतं, हिरोइनीचं व्हतं, चहा करणाऱ्या पोऱ्याचंबी व्हतं.

"काय लिहू, ताई? बेबी?"

आमच्या इथं विहारात एक चित्र हाय. यशोधरा राहुलला कडंवर घिऊन उभी हाय. ल्हानपणी वंदनेला बसले की मी तेच बघायची. त्यात ती दोघंच हायेत, तरी चित्र भरलेलं दिसतं.

मी म्हणलं, लिवा. यशोधरा.

आईच्या हातातला तांब्या तसाच ऱ्हायला. सासूबाई म्हणल्या, "आगं आत्याला तरी—" मी ऐकलं पण मान खाली घातली न्हाई.

मॅडम म्हणली, "आता आईचं नावबी लावतात पुढं. सरकारी नियमच हाय."

"मग लावा. यशोधरा आरती."

"अन वडलांचं?"

"ते आल्यावर ते सांगतील."

मॅडमनी लिवलं. मी कागद हातात घिऊन बघितलं, तिसाव्या नंबरावर, छापल्यावानी अक्षर. सूरजनं मोबाईलवर फोटू काढला. बाऊजींनी गाडीतनं बाळाच्या टकल्यावर हात ठिवला अन हाक मारली, "यशोधरा जी." जी म्हणले. तिला आयुष्यात पयली हाक जी लावून आली.

सासूबाई दुपारच्या यष्टीनं गेल्या. जाताना माझ्याशी बोलल्या न्हाईत. बाळाचं जावळ बांधलेलं कापड मातूर संगं घिऊन गेल्या. मी ते आईला ठिवायला दिलं व्हतं, आईनं कधी दिलं त्यांना म्हाईत न्हाई.

२ फेब्रुवारी, रविवार

पिलं सात येळा. यशोधरा आज पालथी पडून परत सरळ झाली, आपली आपण.

सांजच्याला यांचा फोन आला. त्यांनी लावलेला. मागं मशीन न्हवतं.

म्हणले, आई लई बोलली मला. मी म्हणलं, कशावरनं?

मग म्हणले, "यादीत काय लिवलंस?"

मी सांगितलं. यशोधरा आरती.

मी फोन कानाला तसाच धरला. पयली मी घाबरून काहीतरी बोलले असते, चुकलं म्हणले असते. आज न्हाई बोलले.

"एवढंच?" म्हणले.

मी म्हणलं, "पुढं जागा सोडलीय."

तिकडं कुणीतरी नाक वढल्याचा आवाज आला. मग म्हणले, सकाळी किती वाजता उठती ती? मी म्हणलं सहाला उठती, अन उठल्या उठल्या हसती. म्हणले, चाकणवरनं पयली यष्टी कितीला ओतूरला येती ते सूरजला इचारून ठिव.